गिटारची मान आणि पाच एमएमची साधी किल्ली

ट्रस रॉड, म्हणजे गिटारची मान सरळ ठेवणारा तिच्या आतला पोलादी दांडा, प्रत्यक्ष फिरवायला फार वेळ लागत नाही. तो कशाने फिरवायचा हे ठरवायला मात्र मला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ द्यायलाच हवा असं माझं ठाम मत झालं आहे. मानेचं काम बिघडलेल्या ज्या गिटारी मी आजवर पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या मापाच्या किल्लीने बिघडल्या होत्या. रॉडच्या टोकाला असलेल्या खाचेचे कोपरे एकदा गोल झाले की आतला रॉड शाबूत असूनही काही करता येत नाही. तो बदलायचा म्हणजे मानेवर चिकटवलेला फिंगरबोर्ड उचकटून काढण्यापर्यंत गोष्ट जाते, आणि त्या खर्चात दुसरी गिटार येते.

गिटार माझ्या भाचीची. ठाण्यातच कॉलेजला आहे, सीनियरकडून सेकंडहँड घेतलेली. मोठ्या पोटाची, स्टीलच्या तारांची, चीनमध्ये बनलेली, मधल्या किमतीची. आवाज खरोखर चांगला आहे. पण घेतल्यापासून तिची एकच तक्रार होती, "मावशी, एफ लागतच नाही गं. बोटं सोलून निघालीत." नवशिक्यांना एफ, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून धरायचा कॉर्ड, जड जातोच, त्यामुळे सुरुवातीला मी "सवय होईल" म्हणून सोडून दिलं असतं. पण गिटार हातात घेऊन सातव्या-आठव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दोन सूर वाजवले आणि कळलं की पोरीचं म्हणणं बरोबर आहे. मानेच्या मधल्या भागात तारा फिंगरबोर्डपासून चांगल्याच वर होत्या.

तारा वर असणं आणि मान वाकलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. गिटारला मानवते ती ४५ ते ५५. लाकूड पाणी ओढतं, वरची फळी फुगते, तिच्यावर चिकटवलेला ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं अडकतात ती पट्टी, तिच्याबरोबर वर उचलला जातो आणि तारा आपोआप उंचावतात. यात मानेचा काही दोष नसतो. अशा वेळी कोणी रॉड आवळून तारा खाली आणायला गेलं तर मान उगाच सरळसोट होते किंवा उलटी वाकते, आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा खरखरायला लागतात. म्हणून आधी मोजलं.

मोजण्यासाठी फिलर गेज लागतो. दुचाकीचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच, पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, मान जिथे पोटाला मिळते तिथे, म्हणजे चौदाव्या फ्रेटवर, जाड तार बोटाने दाबून धरायची. आता ती तारच सरळ पट्टीचं काम करते. सहाव्या-सातव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांमध्ये जी फट राहते, तो मानेचा बाक. थोडा बाक हवाच, कारण तार वाजताना मध्यावर सगळ्यात जास्त हेलकावते आणि तिला तेवढी जागा लागते. स्टीलच्या तारांच्या गिटारला साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर पुरतो. या गिटारमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं पातं तारेला न हलवता आरपार गेलं.

म्हणजे मान खरोखरच पुढे ओढली गेली होती. का, तेही लगेच सापडलं. पहिली तार व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापपट्टीत, धरली तर ०.३३ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे तेरा सहस्रांश, तेराचा सेट. आधीच्या मालकाने जाड तारा चढवल्या होत्या. बाराचा सेट नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण ७४-७५ किलोच्या आसपास असतो. तेराचा सेट तोच ८४ किलोपर्यंत नेतो. मध्यम जाडीच्या माणसाइतकं वजन रात्रंदिवस एका लाकडी मानेला ओढत असतं, हे अनेकांना माहीतही नसतं. मी आधी तारा बदलल्या, बाराच्या लावल्या, सुरात आणून गिटार रात्रभर ठेवली. बाक कमी झाला, पण ०.४ वर थांबला. आता रॉडला हात लावायला कारण होतं.

रॉडबद्दल थोडं सांगते, कारण किल्लीची निवड त्यावरच ठरते. मानेच्या आत, फिंगरबोर्डच्या खाली, खाच पाडून एक पोलादी रॉड बसवलेला असतो. आवळला की तो तारांच्या उलट दिशेने मान मागे खेचतो. ही फिरवता येणारी रचना गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढली. १९२१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ मध्ये ते मिळालं. सगळ्यांनी ती लगेच उचलली असं मात्र नाही. मार्टिनसारख्या १८३३ पासूनच्या कंपनीने फिरवता येणारा रॉड घातला तो थेट १९८५ मध्ये. त्याआधी त्यांच्या मानेत न फिरणारा आधार असे. तेव्हा जुनी गिटार हातात आली तर आत फिरवण्यासारखं काही आहे का, हे आधी बघा. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारीत बहुधा नसतंच, कारण तिथे ताण जवळपास निम्मा असतो. आपल्याकडे घराघरांत अशा गिटारी आहेत, आणि त्यात रॉड शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

रॉडचं फिरवायचं टोक दोनपैकी एका जागी असतं. वर डोक्याकडे, तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथे एका छोट्या झाकणाखाली. किंवा खाली पोटात, साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, आत. गिब्सन आणि टेलर वरच्या बाजूचे. तिथे सहसा बाहेरून षटकोनी असलेलं नट असतं, त्यामुळे त्याच्यावर चढणारा नळीसारखा बॉक्स पाना लागतो. गिब्सनला अडीच सूत, टेलरला दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नटाभोवतीची जागा इतकी अरुंद असते की पान्याची भिंत पातळ असावी लागते. गाडीच्या टूलकिटमधला जाड बॉक्स तिथे शिरत नाही, आणि ठोकून शिरवला तर लाकूड फुटतं. मार्टिनचं टोक पोटात, त्याला आतून षटकोनी खाच, त्यासाठी काटकोनात वळलेली षटकोनी किल्ली, म्हणजे पाच एमएमची अ‍ॅलन की.

आमच्या गिटारला डोक्याकडे झाकण नव्हतं. म्हणजे पोटात. मधल्या दोन तारा सैल करून बाजूला घेतल्या, मोबाइलचा टॉर्च आत सोडला आणि पावडरच्या डबीतला छोटा आरसा तिरका धरला. मानेच्या बुडाशी, फळीच्या अगदी खालून, एक गोल भोक असलेली लाकडी आडपट्टी दिसली. त्या भोकाच्या पलीकडे रॉडचं टोक होतं. षटकोनी खाच. तिच्या तोंडावरच्या दोन कोपऱ्यांवर ताजे, चकचकीत ओरखडे होते. कोणीतरी आधी लहान किल्ली घालून प्रयत्न करून गेलं होतं. ते ओरखडे पाहिल्यावर मी आरसा खाली ठेवला आणि ठरवलं की माप पक्कं कळेपर्यंत आत काहीही फिरवायचं नाही.

मापाचा घोळ असा आहे. जगातल्या अर्ध्या गिटारी इंचाच्या हिशोबात बनतात, अर्ध्या मिलिमीटरच्या. काही मापं जवळजवळ जुळतात: सव्वा सूत म्हणजे ३.९७ मिलिमीटर, ते आणि चार एमएम यांत हाताला फरक कळत नाही. अडीच सूत म्हणजे ७.९४, आठ एमएमशी जुळतं. पण दीड सूत म्हणजे ४.७६. ती किल्ली पाच एमएमच्या खाचेत आरामात जाते, बसल्यासारखी वाटते, आणि पाव मिलिमीटर कमी असते. पाव मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं. कागदावर षटकोन काढून पाहिले तर ही किल्ली दोन्ही बाजू मिळून दहाएक अंश नुसती मोकळी फिरते, आणि मग तिची सपाट बाजू खाचेच्या सपाट बाजूवर न टेकता फक्त कडा टेकते. सगळा जोर त्या कडेवर. खाच मऊ असेल तर कडा तिला खरवडत जाते. आमच्या गिटारमधले ओरखडे नेमके तसेच होते.

बरं, गिटारवर कंपनीचं नाव असलं तरी मापाचा कागद सेकंडहँड गिटारीबरोबर येत नाही. इंटरनेटवर याच मॉडेलला कोणी चार सांगत होतं, कोणी पाच, कोणी दीड सूत.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टूलरूमला होते, आता निवृत्त. त्यांना गिटारमधलं काही कळत नाही, ते तसं स्पष्ट सांगतात. पण खाच, किल्ली, मिलिमीटरचे अंश यांत त्यांचं आयुष्य गेलंय. मी आरशात दिसलेलं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खाच तळापर्यंत साफ आहे का?" हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. ते म्हणाले, "आधी ती साफ कर. आत भुसा असला तर किल्ली अर्धीच बसते, आणि तुला वाटतं बसली. तळाला टेकली की टक्क असा आवाज येतो. तो आला की मग बघू."

भुसा होताच. दात कोरायची काडी आडपट्टीच्या भोकातून आत घालून फिरवली, तर कारखान्यातला लाकडाचा भुगा आणि त्यात मुरलेला सरस यांचा एक घट्ट गोळा निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आधीच्या माणसाची किल्ली का घसरली याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं: ती फक्त तोंडाशी अडकत होती. खाचेचा आतला भाग त्यामुळे कोरा राहिला होता, एकही ओरखडा नाही. तळापर्यंत जाणारी किल्ली मिळाली तर पकड पूर्ण मिळणार होती.

मग माप. काकांनी जी युक्ती सांगितली ती मला फार आवडली, कारण तिला कोणत्याही कंपनीचा तक्ता लागत नाही. षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर जेवढं, तेवढ्याच व्यासाचा गोल दांडा त्यात बरोबर बसतो. किल्लीचं माप म्हणजे तेच अंतर. ड्रिल बिट एक दशांश मिलिमीटरच्या फरकाने सुटे मिळतात आणि त्यांचा मागचा दांडा गुळगुळीत गोल असतो. काकांच्या डब्यात ४.६ पासून ५.२ पर्यंतचे बरेच होते. प्रत्येकाचा दांडा आधी व्हर्नियरने मोजला, कारण दांडा छापील मापापेक्षा किंचित कमी असतो आणि वापरून झिजलेलाही असू शकतो. धारेच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे बोटंही वाचतात आणि गिटारही.

हात साउंडहोलमधून आत घालून लहान मापापासून सुरुवात केली. ४.७ गेला, सैल. ४.८ गेला, हलवला की डुगडुगला. हा मुक्काम महत्त्वाचा, कारण खाच दीड सूताची असती तर ४.८ आत जायलाच नको होता. ४.९ कमी हलला. ५.० चा दांडा, जो व्हर्नियरवर ४.९७ भरला होता, सरळ आत गेला, तळाला टेकला आणि डावी-उजवीकडे अजिबात हलला नाही. ५.१ तोंडाशीच थांबला. पाच एमएम. आता वादाला जागा नव्हती.

माप ठरलं म्हणजे किल्ली ठरली असं मला वाटलं होतं, पण पाच एमएमची किल्लीही चार तऱ्हांची मिळते आणि त्यातली एकच इथे चालते. घरच्या टूलबॉक्समध्ये नाशिकच्या टपारियाचा सेट आहे. त्यातली पाचची किल्ली मापाला चोख. पण ती नेहमीच्या लांबीची, लांब बाजू ८० मिलिमीटरच्या आसपास. मी अगरबत्तीची काडी खाचेच्या तळाला टेकवून साउंडहोलच्या कडेशी पेनाने खूण केली: ६५. साउंडहोल स्वतः १०० रुंद. म्हणजे किल्लीचा काटकोन ६५ च्या पुढे आणि १६५ च्या अलीकडे पडला पाहिजे, तरच तिची आखूड बाजू साउंडहोलमधून वर डोकावेल आणि मला धरता येईल. ऐंशीची किल्ली कडेपासून जेमतेम दीड सेंटिमीटर आत येत होती. तिथे गोल इतका अरुंद असतो की किल्ली थोडी फिरली की कडेच्या लाकडाला भिडते, आणि साउंडहोलभोवतीची रोझेटची नक्षी खरवडायचा धोका. काटकोन साउंडहोलच्या मध्याजवळ आला तर दोन्ही बाजूंना सगळ्यात जास्त जागा मिळते. ६५ अधिक ५०, म्हणजे ११५ च्या आसपास लांबी हवी.

टी-हँडलची किल्ली हातात धरायला छान, पण ती सरळ असते. रॉड वरच्या फळीच्या अगदी खालून जातो, तेव्हा टी-हँडल संपूर्ण पोटातच राहणार आणि आत मूठ वळवायला जागा नाही. चाकूसारखी मिटणारी घडीची किल्ली तर आडपट्टीच्या भोकातूनच जात नाही. ऑनलाइन मिळणारे 'सगळ्या गिटारींसाठी' असं म्हणत विकले जाणारे संच मी नीट पाहिले. आठ-दहा तोंडं असतात, लांबी कुठेच लिहिलेली नसते, आणि पोलाद कसलं हेही नाही. मी कोणाला ते घ्या म्हणून सांगणार नाही.

लांब किल्ल्या ठाण्यात शोधल्या. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात आखूडच होत्या. एका दुकानदाराने अगदी आपुलकीने दुसरी काढून दिली, "ताई, ही दीड सूतची आहे, लांब आहे. पाचला चालून जाते, सगळे नेतात." मी म्हटलं, "दादा, चालून जाणारी नको, पाचचीच हवी. लाकडी वाद्याच्या आत वापरायची आहे." त्यांनी मग वागळे इस्टेटमध्ये औद्योगिक टूल्सच्या दुकानात जायला सांगितलं, आणि तो सल्ला बरोबर ठरला. तिथेही नसती मिळाली तर मी मुंबईला नागदेवी स्ट्रीट गाठली असती. टूल्समध्ये तिथे मिळत नाही असं फार कमी आहे.

वागळे इस्टेटमधल्या दुकानात लांब किल्ल्यांचा अख्खा खण होता. पण बहुतेक सगळ्या बॉल-एंड. लांब बाजूच्या टोकाला गोल गोळीसारखा आकार असतो, त्यामुळे किल्ली तिरकी धरूनही बोल्ट फिरवता येतो. यंत्रांच्या कामात ही फार सोयीची गोष्ट आहे. गिटारसाठीही लोक तीच घेतात, कारण साउंडहोलमधून तिरकं जावं लागेल असं वाटतं. पण गोळीचा आकार खाचेला फक्त मधल्या अरुंद पट्ट्यात टेकतो, सपाट बाजूंना पूर्ण नाही. हलक्या हाताने सुरुवात करायला ठीक. घट्ट बसलेलं नट हलवायला ती नव्हेच. शिवाय आमच्या खाचेच्या तोंडाचे दोन कोपरे आधीच दुखावलेले. मला तळापर्यंत सरळ, पूर्ण अंगाने टेकणारं टोक हवं होतं. आडपट्टीतलं भोक रॉडच्या अगदी रेषेत आहे हे ड्रिलच्या दांड्याने दाखवलंच होतं, त्यामुळे तिरकं जायची गरजच नव्हती. जिथे आडपट्टी वाटेत आडवी येते अशा गिटारीला बॉल-एंड घ्यावी लागेल. तिथे मग जोर आणखी जपून.

"बॉल नको? दोन्ही टोकं साधी?" दुकानातल्या काउंटरवरच्या मुलाला नवल वाटलं. शेवटी खालच्या खणातून निघाली: क्रोम व्हॅनेडियम पोलादाची, दोन्ही टोकं साधी, लांब बाजू १२० मिलिमीटर. मी तिथेच टोक उजेडात धरून पाहिलं. कापलेल्या तोंडाचे सहाही कोपरे धारदार हवेत. स्वस्त किल्ल्यांची टोकं कापताना गोलावतात किंवा त्यांना बारीक कुसळं राहतात, आणि मग सुरुवातीचा एक-दोन मिलिमीटर भाग पकडच घेत नाही. ही स्वच्छ होती. व्हर्नियर मागितला, त्याने न कुरकुरता दिला. ४.९६. किंमत ऐकून मला वाईट वाटलं ते आधीच्या माणसासाठी: इतक्या थोड्या पैशांत त्याचं काम झालं असतं.

फिरवायच्या दिवशी भाचीला बोलावून घेतलं. गिटार तिची आहे, आत काय होतंय ते तिने पाहायला हवं. टेबलावर रजई, मानेखाली टॉवेलची गुंडाळी. किल्लीच्या दांड्यावर मास्किंग टेपचे दोन वेढे दिले, आडपट्टीवर आणि साउंडहोलच्या कडेवर घासू नये म्हणून. मधल्या दोन तारा सैल. किल्ली आडपट्टीच्या भोकातून सरकवली, थोडी फिरवत फिरवत खाच शोधली, आणि टक्क. काकांनी सांगितलेला आवाज. तिला म्हटलं, तू धर. तिने धरली, हलवून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, ही हलतच नाहीये. गिटारचाच भाग असल्यासारखी वाटतेय."

बरोबर मापाची किल्ली पूर्ण बसली की मोकळेपणा शून्य असतो, आणि म्हणून रॉड काय म्हणतोय ते बोटांना कळतं. हलक्या जोराने आधी किंचित डावीकडे, म्हणजे सैल करून पाहिलं. वर्षानुवर्षं न हललेला आटा आधी सैल करून मोकळा करणं बरं. बारीक कुरकुर झाली आणि सुटला. दिशेबद्दल लोक हमखास गोंधळतात, म्हणून लिहून ठेवते: गिटार उताणी, डोकं आपल्यापासून लांब, आपण बुडाकडून बघतोय, किल्लीची आखूड बाजू वर. ती पातळ तारांच्या बाजूला नेली की रॉड आवळतो, मान मागे जाते, बाक कमी होतो. जाड तारांच्या बाजूला नेली की उलट. काही गिटारींत दोन्ही दिशांना जोर देणारा रॉड असतो. तिथे मधे एका टप्प्यावर किल्ली अगदी हलकी, बिनजोराची फिरते, ते घाबरण्यासारखं नाही.

एका वेळी एक अष्टमांश फेरा, जास्त नाही. नंतर किल्ली काढायची, तारा पुन्हा सुरात लावायच्या, थोडं थांबायचं, कॅपो लावून पात्याने मोजायचं. लाकूड लगेच सगळं मान्य करत नाही. संध्याकाळी मोजलेलं सकाळी आणखी थोडं सरकलेलं असतं. त्यामुळे ०.२५ ला आल्यावर आम्ही थांबलो आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ०.२ चं पातं तारेला जेमतेम स्पर्श करत जात होतं. तिथेच ठेवलं. संपूर्ण कामात कुठेही किल्लीवर मनगटाचा जोर लावावा लागला नाही, नुसती बोटं पुरली. जोर लागला असता तर मी थांबले असते आणि गिटार दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली असती, कारण किल्ली बरोबर असूनही रॉड हलत नसेल तर तो शेवटाला पोचलेला असतो किंवा आत काहीतरी अडलेलं असतं, आणि ते घरी बघण्यासारखं नाही. खाच आधीच गोल झालेली असेल तरीही तेच. मोठं तोंड ठोकून बसवायचे उपाय लोक सुचवतात. गिटारच्या पोटात हातोडी चालवायची कल्पना मला सहन होत नाही.

मानेच्या मध्यावरच्या तारा खाली आल्या, सातव्या फ्रेटवर बोट आता सहज बसतं. एफ मात्र पूर्ण सुटला नाही. पहिल्या फ्रेटवरचा जोर रॉडने थोडाच कमी होतो. तिथे डोक्याकडच्या पांढऱ्या पट्टीतल्या, म्हणजे वरच्या नटातल्या, तारांच्या खाचा किती खोल आहेत त्यावर ठरतं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली, तर जाड तीन तारांच्या खाचा स्पष्ट उथळ होत्या. त्यासाठी तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात, त्या माझ्याकडे नाहीत आणि एका गिटारसाठी घेण्यातही अर्थ नाही, म्हणून ते काम दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घेतलं. त्याने रॉडचं टोक आरशातून पाहिलं, कोणती किल्ली वापरली विचारलं, आणि भाचीच्या हातातली किल्ली घेऊन स्वतः एकदा खाचेत बसवून बघितली.

बाराव्या फ्रेटवर जाड तार अजून ३ मिलिमीटरवर आहे, २.५ असावी असं मला वाटतं. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासून ती खाली आणता येईल, पण ते आत्ता करणार नाही. फळी पावसाने फुगलेली आहे. ब्रिजच्या मागे पोलादी पट्टी आडवी ठेवली की दोन्ही टोकांशी फट दिसते. डिसेंबरात हवा कोरडी झाली की ती बसेल, तारा आपोआप थोड्या उतरतील, आणि आज घासलेलं सॅडल तेव्हा कमी पडेल. तोवर भाचीच्या खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावलंय, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आहेत, आणि किल्लीवर टेपच्या पट्टीवर तिने स्वतः लिहिलंय: ५ एमएम, साधं टोक, १२०.